तात्पुरतं ७७७

सोमवारी ऑडिटवाले येणार, हा मेल नेहमी शुक्रवारी संध्याकाळीच येतो. मग सगळे बस पकडायला पळतात आणि सर्व्हरवरच्या डिरेक्टऱ्यांच्या, म्हणजे फोल्डरांच्या, परवानग्या तपासायला मी उरतो.

काम तसं एका ओळीचं. ज्यांत कोणीही लिहू शकतं अशा डिरेक्टऱ्या शोध, असं 'फाइंड' या शोधायच्या कमांडला सांगायचं आणि एंटर मारायचं. त्यानंतर यादी जी धावायला लागते, ती माझा चहा झाला तरी थांबत नाही. त्यातली '/टीएमपी', म्हणजे तात्पुरत्या फाइलींची जागा, बिचारी निर्दोष. तिथे सगळ्यांनाच लिहायची मुभा लागते, पण तिच्या परवानग्यांच्या शेवटी 'टी' असतो. म्हणजे स्टिकी बिट. म्हणजे दुसऱ्याची फाइल पुसायची नाही, तिचं नावही बदलायचं नाही. बाकीच्यांना 'टी' कुठला!

'बॅकअप_नवीन_फायनल_२' कोणाची म्हणून बघावं, तर मालकाच्या जागी नावच नाही, नुसता आकडा. गृहस्थ नोकरी सोडून गेले, त्यांचं खातंही पुसलं गेलं, ७७७ तेवढं मागे राहिलं. ७७७ म्हणजे कोणीही या, वाचा, लिहा, चालवा. जे अजून नोकरीत आहेत त्यांचं उत्तर ठरलेलं: "सर, तेव्हा परमिशन डिनाइड येत होतं. तात्पुरतं दिलं होतं." हे 'तेव्हा' २०१९ सालचं.

"पण आतली फाइल तर ६०० आहे ना?" साहेबांनी विचारलं. ६०० म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला. इथे भलेभले गंडतात. फाइल वाचता येईल का, हे फाइलच्या परवानगीवर. पण ती पुसायची, तिचं नाव बदलायचं, त्या नावाने दुसरीच आणून ठेवायची, हे सगळं डिरेक्टरीच्या हातात. तिजोरीला कुलूप दणकट, पण तिजोरी ठेवलीय ओसरीवर. साहेबांना पटेना. मग रूटची, म्हणजे सर्वाधिकारी खात्याची, एक फाइल साध्या खात्यातून त्यांच्यादेखत उडवून दाखवली.

साहेब जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बॅकअप आहे ना?"

"आहे. तोही ७७७."

तेवढ्यात एका डेव्हलपरचा फोन. "सर, लॉगिन होत नाहीये. लॉगिनची 'की' फाइल तर तीच आहे."

"काल काय केलंत?"

"काही नाही... म्हणजे, माझ्या होम डिरेक्टरीला ट्रिपल सेव्हन मारलं. रिकर्सिव्ह, आतल्या सगळ्यासकट."

होम डिरेक्टरीत कोणीही लिहू शकत असेल, तर सर्व्हरवरचं एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम, तिथल्या 'की' मानतच नाही. मला भरून आलं. या ऑफिसात माझ्या बाजूचं कोणीतरी आहे तर! "नीट करून देतो," म्हटलं.

"थँक्यू सर. पण एसएसएचचं हे चेकिंग तात्पुरतं बंद नाही का करता येणार?"

येतं. एका ओळीत येतं. "नाही हो," मी म्हटलं, "तशी सोयच नाही."