‘पहिल्याच चुकीला आठवडाभर बंदी’ हा उपाय का चालणार नाही

ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या गटांत सध्या एक मागणी हिरिरीने पुढे पाठवली जात आहे. डाव अर्धवट सोडणाऱ्यावर पहिल्याच खेपेला आठवडाभर बंदी घालावी, नवखा असो वा मुरलेला, नियम सर्वांना एकच ठेवावा, म्हणजे रडीचा डाव खेळणारे सुतासारखे सरळ होतील, असे तिचे म्हणणे आहे. त्यामागचा वैताग खरा आहे. हरू लागताच पसार होणारा प्रतिस्पर्धी लागोपाठ दोनदा वाट्याला आला की कोणाचेही डोके फिरते. उपाय मात्र चुकीच्या गृहीतकांवर उभा आहे.

डाव सोडणारा प्रत्येक जण मुद्दाम सोडतो, हे त्यांतले सर्वांत ठिसूळ गृहीतक. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर हार मान्य करण्यासाठी एका लहानशा झेंड्याचे बटण असते. जुन्या खेळाडूला ते डोळे मिटून सापडते. नुकताच वजीर गमावून गांगरलेल्या नवख्याला मात्र तो झेंडा कशासाठी आहे हेच ठाऊक नसते आणि तो सरळ टॅब बंद करून मोकळा होतो. समोर घड्याळाकडे पाहत बसलेल्याला पळपुटेपणा आणि अज्ञान सारखेच दिसतात. त्यात लाइट गेल्यामुळे बंद पडलेला राउटर आणि मोबाइलवर खेळताना मध्येच आलेला फोन यांचीही भर पडते. एका घटनेवरून हेतू कळत नाही. संपर्क वारंवार तुटतो का, आणि तो नेमका हरत असतानाच तुटतो का, हे पाहिल्यावर तो बऱ्यापैकी कळतो.

पहिलाच फटका जबर हवा, असेही सांगितले जाते. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह या सांघिक नेमबाजीच्या खेळात सात दिवसांची बंदी होतीच, पण ती चौथ्या पायरीवर. त्याआधी ३० मिनिटे, मग २ तास, मग २४ तास. शिवाय आठवडाभर नीट खेळल्यास एक पायरी उतरता येत असे. सराईताला अद्दल घडवणारी आणि चुकलेल्याला परत येऊ देणारी ही रचना या मागणीपेक्षा कितीतरी शहाणी आहे.

‘नियम सर्वांना एकच’ हे ऐकायला न्याय्य वाटते. परंतु जिथे खाते फुकट मिळते, तिथे मुरलेला पळपुटा पाच मिनिटांत दुसरे खाते उघडतो आणि बंदी भोगतो तो प्रामाणिक नवखा, जो बहुधा परत फिरकतच नाही. गल्लीतली पोरेसुद्धा धाकट्याला कच्चा लिंबू ठरवून खेळात टिकवतात. अशा सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ती मानांकन नसलेल्या पहिल्या काही डावांपुरतीच असावी. मानांकनाच्या सामन्यांसाठी डोटा २ या सांघिक लढाईच्या खेळाने २०१७ मध्ये फोन क्रमांक जोडणे सक्तीचे केले, तेही अशा दुहेरी खात्यांना आवर घालण्यासाठीच.

राहिला प्रश्न ताटकळलेल्यांचा, ज्यांचा या मागणीत उल्लेखच नाही. पळालेल्याला आठवडाभर बाहेर बसवल्याने त्यांचा बिघडलेला डाव सुधारत नाही. लिचेसवर प्रतिस्पर्धी निघून गेला की ठरावीक वेळाने विजयाचा दावा करता येतो, आणि त्याने पहिली चालच केली नाही तर डाव रद्द होतो. लीग ऑफ लेजंड्स या डोटासारख्याच सांघिक खेळात सुरुवातीलाच कोणी गायब झाले तर उरलेले सहकारी मतदानाने सामना रद्द करू शकतात. डोटा २मध्ये एकाने सामना सोडल्याचे नोंदले गेले की इतरांनाही दंडाविना बाहेर पडण्याची मुभा मिळते.