घ्या ताई, रिकामंच आहे!

घरात पहिलं पिस्तूल आणायचं ठरतंय? अभिनंदन. आता तुम्हाला स्वतः काही शोधावं लागणार नाही. चारचौघांत नुसता विषय काढा. ज्या माणसाला घरातला फ्यूज बदलता येत नाही, तोही पुढे सरसावून तुम्हाला 'स्टॉपिंग पॉवर', म्हणजे माणसाला जागीच थांबवण्याची गोळीची ताकद, समजावून सांगेल. मी दोन महिने हे सगळं ऐकतेय आणि गेल्या रविवारी त्याचा कळसही पाहिला. कळसाकडे येतेच. तोवर साचलेलं ज्ञान तुमच्या पदरात टाकते.

पहिली गोष्ट, जे सगळ्यात मोठं असेल ते घ्या. नाइन एमएम, नऊ मिलिमीटर जाडीची गोळी, म्हणजे डास मारायचं औषध, असं जाणकार सांगतात. ही गोळी १९०२ पासून चालत आलीय, जगभरातली सैन्यं आणि पोलीस ती वापरतात. अमेरिकेची एफबीआय १९८६ मधल्या मियामीच्या चकमकीनंतर जाड गोळीच्या नादाला लागली आणि तीसेक वर्षांनी गुपचूप नाइन एमएमवर परत आली. पण त्यांना काय कळतंय! तुम्ही पॉइंट फोर-फाइव्हच घ्या. जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर जाड गोळी. अडीच मिलिमीटर जास्त असल्यामुळे ती नेम चुकला तरी लागत असावी, नाहीतर लोक एवढ्या खात्रीने बोलले नसते. पहिल्या बाराच्या हिसक्याने तुमचे डोळे मिटतील, दुसऱ्या वेळी बार होण्याआधीच मिटतील आणि तिसरा बार तुम्ही काढणारच नाही. मग ते कपाटात जाईल. जाऊ दे, कपाटात आहे ते मोठं आहे, हे समाधान काय कमी आहे?

बाई असाल तर मात्र सगळं उलट. 'तुमच्यासाठी ना, ते छोटंसं बरं.' छोटंसं म्हणजे दोन इंच नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर. पर्समध्ये मावणारं, जमलं तर गुलाबी मुठीचं. पिस्तूल जितकं हलकं तितका त्याचा धक्का जास्त, हा नियम बहुतेक पुरुषांच्या हातापुरताच असावा. शिवाय त्याचा चाप पूर्ण ओढायला पाचेक किलोचा जोर लागतो, म्हणजे त्या रिव्हॉल्वरच्या स्वतःच्या वजनाच्या दसपट. एवढ्या ओढीत नेम जागेवर ठेवायचा. त्यात नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच एकमेकींच्या इतक्या जवळ की मनगट किंचित हललं तरी गोळी भलतीकडे. मुरलेले नेमबाज ज्याच्याशी झगडतात, ते नवशिकीच्या हातात द्यायचं. पण दिसतं किती गोड!

विकत घेण्याआधी हातात धरून वगैरे पाहू नका. मुठीवर तिन्ही बोटं बसतात का, चापावर बोटाचं पहिलं पेर पोचतं का, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तुमच्या ताकदीने मागे येतो का, या फालतू चौकशा आहेत. चपला घेताना मात्र चार जोड घालून, दुकानभर चालून बघा.

सराव नको. गोळ्यांचं एक खोकं संपवलं की बास. रात्री दोन वाजता, अंधारात, हात थरथरत असताना बाकीचं आपोआप जमतं.

कानाला काही लावायचं नाही. पिस्तुलाचा बार १५० डेसिबलच्या वर जातो आणि कान कायमचा बिघडायला १४० पुरतात, हे असल्या भानगडी काढणाऱ्यांचं म्हणणं.

भिंत ही भिंतच असते. गोळी तिच्यात अडकते. पलीकडे कोण झोपलंय याच्याशी तुम्हाला काय करायचंय?

ठेवायचं कुठे? उशीखाली, नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर कपड्यांच्या घडीमागे. मुलांचा हात तिथे पोचत नाही. मागच्या वाढदिवसाची भेटवस्तू तुम्ही तिथेच लपवली होती ना? आणि ती पोरांनी चार दिवस आधीच उघडून, बघून, पुन्हा होती तशी बांधून ठेवली होती ना? तीच जागा. अगदी सुरक्षित.

आता मुख्य सल्ला. पिस्तूल नेहमी जाणकार माणसाकडून समजून घ्यावं.

माझे जाणकार रविवारी घरी आले. भावाचे मित्र, पन्नाशीचे. 'वीस वर्षं बाळगतोय मी' हे दर दहा मिनिटांनी सांगणारे. म्हणाले, दुकानात कशाला जाता, मी आणलंच आहे दाखवायला. कमरेचं काढलं, खटका दाबून मॅगझीन, म्हणजे मुठीतला गोळ्यांचा कप्पा, हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, अगदी ऐटीत. मग पिस्तूल माझ्यापुढे धरलं, नळी माझ्याकडे करून. 'घ्या ताई, रिकामंच आहे.'

त्या नळीसमोर मी आणि माझ्यामागे फरशीवर पालथा पडून चित्र रंगवत असलेला माझा मुलगा.

मी शिकवणीला चार दिवस जाऊन आले होते. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला गोळी दाखवलीसुद्धा नव्हती. तासभर एकच काम, पिस्तूल रिकामं आहे का बघा, पुन्हा बघा, शेजारणीला द्या, तिनेही बघायचं. तेव्हा मी वैतागले होते. रविवारी हातांनी ते काम मला न विचारताच केलं. नळी कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे वळवली, बोट चापाच्या बाहेर ठेवलं, स्लाइड मागे ओढली. पिवळीधमक गोळी उडाली, फरशीवर टणटणत गेली आणि सोफ्याखाली नाहीशी झाली.

मुलाने मान वर करून विचारलं, "काय पडलं?"

जाणकार हसले. "अरेच्चा, एक राहिली वाटतं."

राहिली वाटतं! छत्री राहते. चष्मा राहतो. गाडीची किल्ली राहते. पिस्तुलात गोळी 'राहत' नाही हो, ती तुम्ही तिथे ठेवलेली असते. मॅगझीन काढलं की मॅगझीनमधल्या गोळ्या गेल्या, बस्स. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, आधीच चढलेली गोळी जागची हलत नाही, मॅगझीन गेल्याचा तिला पत्ताही नसतो. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये मॅगझीन बाहेर असलं की चाप चालू नये अशी सोय होती. बऱ्याच पिस्तुलांत ती नसते, यांच्यात तर नव्हतीच. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढून अडकवायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा केलात, म्हणजे स्लाइड आधी ओढलीत, तर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझीनमधली दुसरी तिच्या जागी चढून बसते. मग तुम्ही मॅगझीन काढता आणि सगळ्यांना सांगत सुटता, रिकामंच आहे. सगळा मिळून पाच सेकंदांचा मामला. वीस वर्षांत यांना ते पाच सेकंद सापडले नाहीत.

वर कहर असा की त्या अर्ध्या तासात यांनी पिस्तूल शिकवणारे नामांकित अमेरिकन जेफ कूपर यांचं नाव तीनदा घेतलं होतं. कूपर पॉइंट फोर-फाइव्हवाले, म्हणून तुम्हीही तेच घ्या! त्याच कूपर यांचा पहिला नियम आहे की प्रत्येक बंदूक कायम भरलेलीच असते. भरलेली 'समजा' असंसुद्धा नाही, 'असते'. दुसरा नियम, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावर नळी फिरू द्यायची नाही. यांनी त्या माणसाचा कॅलिबर तेवढा उचलला आणि नियम तिथेच सोडून आले.

मला राग गोळी निघाल्याचा कमी आहे, हसण्याचा जास्त आहे. चेहरा पडला असता, हात कापला असता, तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही हसलात. आणि वर मलाच म्हणालात, "घाबरलात की काय?" हो, घाबरले! घाबरायलाच हवं होतं, आणि तुम्हीही घाबरायला हवं होतं. तुम्हाला मला पिस्तूल निवडून द्यायचं नव्हतंच. स्वतःचं मिरवायला कोणीतरी हवं होतं, आणि माझं पोर समोर आहे हे बघायचीही तुम्हाला गरज वाटली नाही.

आणि तुम्ही, खरंच पहिलं पिस्तूल घ्यायला निघालेले, या लोकांचं ऐकू नका. परवान्याचे नियम आधी वाचा. मध्यम आकाराचं, हातात नीट बसणारं, परवान्यात बसत असेल तर नाइन एमएम. दोन-तीन वेगवेगळी झाडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पटकन उघडणारी पण कुलूप लागणारी पेटी त्याच दिवशी घ्या, पुढच्या महिन्यात नाही. पेटीला पैसे उरत नसतील तर पिस्तूल आणू नका. कोणी 'रिकामं आहे' म्हणून पुढे केलं तर उघडून दाखवल्याशिवाय हात लावू नका. त्याला अपमान वाटला तर वाटू द्या. मी अजून काहीच घेतलेलं नाही. दाराला नवीन कुलूप बसवलंय आणि मागच्या बाजूला दिवा लावलाय, सध्या तेवढंच.

सोमवारी जाणकारांचा फोन आला. "ताई, ती गोळी सापडली का? खोक्यात एक कमी पडतेय."

सापडली. माझ्या मुलाला सापडली, सोफ्याखाली, लाल खडूच्या शेजारी. मुठीत धरून मला विचारायला आला, हे कसलं आहे म्हणून. माझ्याजवळ ठेवलीय. येऊन घेऊन जा. एकटे या आणि ते पिस्तूल माझ्या उंबऱ्याच्या आत पुन्हा आणू नका.