फक्कीचा फूटपाथ

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडापुढे धरला, दोनदा 'हं' केलं आणि रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. त्यांना काय जातंय सांगायला? त्यांचा दवाखाना खाली आणि घर वर. माझ्या घरापासून बाग सहा मिनिटांवर. त्यातली दीड मिनिटं आमच्या चौकात नुसतं उभं राहण्यात जातात, आणि त्या दीड मिनिटात गुडघ्यापेक्षा छातीलाच जास्त व्यायाम होतो.

चौक कोथरूडातला, चार गल्ल्यांचा. नाव 'डेअरीचा चौक'. डेअरी बंद पडून बारा वर्षं झाली. रिक्षावाले बरोबर आणून सोडतात. परगावचे पाहुणे मात्र डेअरी शोधत चौकाला तीन प्रदक्षिणा घालतात आणि चौथ्या वेळी फोन करून आमच्यावरच चिडतात. सिग्नल नाही, पट्टे होते म्हणतात. चारही कोपरे असे ऐसपैस गोल की मधोमध खुंटा रोवून, बैलांची पात धरून खुशाल मळणी करावी. एवढा मोठा चौक कशासाठी ठेवला असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मोठा रस्ता म्हणजे चांगला रस्ता, एवढंच आपल्याला लहानपणापासून माहीत.

हा चौक ओलांडायच्या दोन पद्धती आहेत. पहिली सर्वमान्य: हात पुढे करून चालू लागणं. देवाची अभयमुद्रा असते ना, अगदी तशीच. फक्त इथे अभय आपण मागत असतो. दुसरी पद्धत म्हणजे पहिल्या गल्लीतल्या आजींच्या मागे लागणं. वय ऐंशीच्या पुढे, हातात कापडी पिशवी, नजर थेट समोरच्या भाजीवालीवर. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, "आजी, जरा बघून ओलांडत जा." त्या म्हणाल्या, "आपण बघितलं की त्याला कळतं आपण बघितलंय, मग तो थांबत नाही. नाही बघितलं की झक मारत थांबतो." मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण इतकं स्वच्छ निरीक्षण माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या वहीत सापडलं नाही.

मार्चमध्ये एका शाळकरी मुलाच्या सायकलला स्कूटरनं उडवलं. सायकलची आठ झाली, मुलाच्या कोपराला चार टाके पडले. एप्रिल लागल्यावर सोसायटीची सभा भरली. आमच्याकडे कुठल्याही सभेत पहिला ठराव येतो तो स्पीडब्रेकरचा. पाणी कमी आलं तरी कोणीतरी स्पीडब्रेकर मागतंच. तो बसवलाच पाहिजे यावर एकमत झालं. कुठे बसवायचा यावर रात्री साडेअकरापर्यंत झालं नाही. आपल्या गेटासमोर कोणालाच नको, कारण रात्री टेम्पो आदळतात आणि कपाटातली भांडी वाजतात. "झालाच पाहिजे," चेअरमन म्हणाले, "पण बी विंगसमोर." चेअरमन ए विंगमध्ये राहतात, हे सांगायला नकोच.

तेवढ्यात मागून आवाज आला, "स्पीडब्रेकर नको. कोपरे आवळायला हवेत."

ही दुसऱ्या मजल्यावरची मुलगी. आर्किटेक्चर झालं, आता शहरांचं काहीतरी पुढचं शिकते. आम्ही तिला आपापसात 'नगररचना' म्हणतो. शाळेत माझ्या वर्गात होती, त्यामुळे अजून 'सर' म्हणते. त्यामुळे मला तिच्याशी वाद घालायची सोय राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला चौकात नेलं. एप्रिलचा महिना, दोन्ही बाजूंचे सोनमोहोर फुललेले, रात्रभर पाकळ्यांचा सडा पडलेला. "सर, बघा," ती म्हणाली, "गाड्या कुठून जातात ते झाडानंच काढून दिलंय." खरंच की. चाकं जिथून जातात तिथे डांबर काळं स्वच्छ, आणि चारही कोपऱ्यांत पिवळ्या पाकळ्यांचे जाड त्रिकोण, हातही न लागलेले. जिथून गाड्यांना जायची गरजच नाही, अशी एवढी जागा आपण रस्त्याला देऊन बसलो होतो! पंचवीस वर्षं मी या पाकळ्या चपलेला चिकटतात म्हणून झाडालाच शिव्या घातल्या.

मग तिनं सगळा हिशेब मांडला. कोपरा जितका गोल, तितकी गाडी ब्रेक न लावता वळते. शिवाय गोल कोपऱ्यामुळे ओलांडायचं अंतरही वाढतं. आमच्याकडे ते १४ मीटर भरलं. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे पावणेबारा सेकंद. हा माणूस कोण ते मला ठाऊक नाही, पण त्याचे गुडघे शाबूत असणार. शाळेच्या जुन्या स्टॉपवॉचवर मला वीस सेकंद लागले. वीस सेकंद भर रस्त्यात, अभयमुद्रेत.

"कोपरा आत ओढून घेतला, फूटपाथ पुढे आणला, की अंतर आठ मीटर. आणि वळताना गाडी हळू होणारच. वेग निम्मा झाला तर धडकेची ऊर्जा किती होते, सर?"

"पाव," मी खाली बघून म्हणालो. अर्धा एम व्ही वर्ग. फळ्यावर हजार वेळा लिहिलं असेल. एकदाही खडू खाली ठेवून खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं नाही.

सांगण्यासारखं तिच्याकडे खूप होतं. पुण्यात २०१६ सालीच पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर झालंय. फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं खालूनच चालतात, असं भारतीय मानकंच सांगतात. (आमच्या मुख्य रस्त्यावर एक फूटपाथ असा आहे की त्यावर चढायला शेर्पा लागेल.) आमचे साडूही मध्येच हॉलंडचे फोटो घेऊन आले. त्यांचा मुलगा आइंडहोव्हनला असतो. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त, हे ते जावयाची पगारवाढ सांगावी तशा आवाजात सांगतात. मी म्हटलं, त्यांचं काय, त्यांना जन्मतःच शिस्त. त्यावर नगररचना शांतपणे म्हणाली, १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर चारशेहून जास्त मुलं गेली होती. मग आया-बाप रस्त्यावर उतरले. सायकली त्यानंतर परत आल्या. साडू काही बोलले नाहीत. मीही नाही. मार्चमधली ती आठ झालेली सायकल अजून आमच्या जिन्याखाली पडून होती.

ठरलं असं की एका रविवारी सकाळी करून बघायचं. खोदकाम नाही, सिमेंट नाही; नुसती फक्की, कुंड्या आणि जुने टायर. परवानगीची कहाणी पुन्हा कधीतरी. फक्की मी आणली. आमच्या शाळेच्या पीटीच्या सरांनी दोन पोती काढून दिली आणि विचारलं, "खो-खो की कबड्डी?" म्हटलं, दोन्ही.

मग शनिवारी रात्री खरी अडचण निघाली. नकाशावर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, फूटपाथ जिथे पुढे यायचा तिथे, एक गाडी उभी होती. पांढरी. आठ वर्षं तिथेच. "ही हलवावी लागेल," नगररचना म्हणाली, "हिच्यामुळे गल्लीतून येणारी मुलं कोणाला दिसतच नाहीत. तो सायकलवाला मुलगाही हिच्याच आडून आला होता."

गाडी माझी होती.

मी पुष्कळ मुद्दे मांडले. सोनमोहोराची सावली आहे. इंजिन जुनं आहे. ती जागा सगळ्यांना माहीत आहे, लोक पत्ता सांगताना 'पांढऱ्या गाडीपासून डावीकडे' म्हणतात. चौकाच्या तोंडाशी गाडी लावू नये हे नियमात आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही; फक्त तो नियम मला दुसऱ्यांच्या गाड्यांना लागू वाटायचा. आमची ही गॅलरीतून सगळं ऐकत होती. तिनं वरून किल्ली खाली टाकली. झेल सुटला.

रविवारी पहाटे साडेपाचला मी चौकात खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली आणि दुसऱ्या टोकाला फक्कीचा डबा. नऊ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्याच्या आत चार मीटरचा कंस. निवृत्तीनंतर इतका आनंद मला पेन्शनच्या पहिल्या हप्त्यानंही झाला नव्हता. पोरांनी कुंड्या लावल्या, टायर रंगवले, ओलांडायच्या जागी जाड पट्टे मारले. सातपर्यंत चौकाची कंबर निम्मी झाली.

मग माणसं जमली. पुण्यात काम करणारा एक असेल तर चुका दाखवणारे अकरा हजर असतात, आणि त्यातले चार तरी निवृत्त अभियंते असतात. गणपतीत मांडव कुठे घालायचा? फायर ब्रिगेडचा बंब कसा वळणार? कचऱ्याची गाडी? पाण्याचा टँकर? ही गर्दी ऐन रंगात असतानाच टँकर आला. सगळे श्वास रोखून बाजूला झाले. टँकरवाल्यानं वेग उतरवला, समोरची मोकळी बाजू थोडी घेतली आणि कुंडीच्या पानालाही धक्का न लावता वळला. त्याला थांबवून विचारलं, "अडचण झाली का हो?" तो म्हणाला, "काका, तुमच्या सोसायटीच्या गेटातनं मी रोज रिव्हर्समध्ये आत घेतो. हे तर मैदान आहे." निवृत्त अभियंत्यांपैकी दोघे चहाला गेले.

पण दिवसाचा खरा पुरावा मीच दिला. साडेआठला हिनं दूध आणायला पिटाळलं. मी स्कूटर काढली, सवयीनं चौकात आलो, सवयीनं आडवा कापायला गेलो आणि एकदम समोर तुळशीची कुंडी! करकचून ब्रेक. "कोणत्या गाढवानं कुंडी ठेवली इथे?" असं मी मोठ्यानं ओरडलो. चौकातल्या तीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. कुंडीवर आमच्या हिच्या हातची हळदकुंकवाची बोटं होती. पीटीच्या सरांनी दुरून शिट्टी वाजवली.

परत येताना मी स्कूटर ठेवून पायी ओलांडलं. आठ मीटर, साडेअकरा सेकंद. मुलं सायकली घेऊन गोल गोल फिरत होती. इस्त्रीवाल्यानं नव्या कोपऱ्यात स्टूल टाकलं होतं. आणि आजी! त्या नेहमीसारख्या न बघता निघाल्या, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, जिथे आठ वर्षं माझी गाडी होती तिथे थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि भाजीवालीला तिथूनच भाव विचारला. अर्धा तास त्यांचं तिथे बस्तान होतं. जाताना मला म्हणाल्या, "मास्तर, बरं केलंत. टेकायला जागा झाली." त्यांनी मला कशाबद्दल तरी बरं म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

अकरा वाजता कुंड्या आपापल्या घरी गेल्या. फोटो, मोजमापं, सह्या असं सगळं अर्जाला जोडून दिलंय. माझी गाडी आता सोसायटीच्या मागे उन्हात असते. तिची जागा सोमवारी सकाळी सात वाजेपर्यंत रिकामी होती. सात वाजून पाच मिनिटांनी तिथे चेअरमनांची नवी गाडी उभी होती. ती हलवण्यासाठी नगररचनेला आणि मला पुढचे चार दिवस त्यांच्याकडे चहा प्यावा लागला. चहा पाणचट होता.

शुक्रवारी वळीव आला आणि फक्की धुऊन गेली. शनिवारी मी स्कूटरवरून बँकेत निघालो होतो. कंस नाही, पट्टे नाहीत, टायर नाहीत. चौक पुन्हा खळ्याएवढा. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ओल्या डांबरावर मधोमध आजी उभ्या. पिशवी खाली, कमरेवर हात. मागून एक रिक्षा आणि दोन मोटरसायकली, सगळे हॉर्न वाजवून थकलेले.

"आजी," मी ओरडलो, "रस्त्यात काय उभ्या राहिलात? बाजूला व्हा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रस्त्यात कुठे रे? फूटपाथवर आहे मी."

मी स्कूटर वळवली आणि परवा जिथे कुंडी होती, तिच्या बाहेरून गेलो. आरशात बघितलं, तर माझ्यामागून रिक्षाही तशीच आली.