टी पेशींचा रिसेप्टर काढ्याने दुप्पट होत नाही

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका मजकुराचा सारांश असा: टी पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. जंतू शिरला की टी पेशी त्याच्या आकाराबरहुकूम रिसेप्टर नावाचं प्रथिन घडवते. ते प्रथिन जंतूला चिकटलं की पेशी पेटून उठते. रिसेप्टर जितके जास्त तितकी प्रतिकारशक्ती जास्त, म्हणून रोज उपाशीपोटी अमुक काढा घ्या, रिसेप्टर दुप्पट होतील. काढ्याचं नाव दर वेळी बदलतं, वरचं ‘विज्ञान’ मात्र तेच राहतं.

आलं-तुळस उकळून प्यायल्याने सर्दीत घशाला बरं वाटतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या ‘विज्ञाना’बद्दल. त्यातली वाक्यं चुकीची आहेत, आणि शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत किडनी बदललेले रुग्णही असतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

जंतू आल्यावर रिसेप्टर घडतो, ही कल्पना काही अडाणीपणाची नाही. १९४० साली लायनस पॉलिंग यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने अँटिबॉडींबद्दल जवळपास हेच मांडलं होतं: जंतूचा अंश हा साचा आणि त्याच्याभोवती प्रथिन आकार घेतं. पुढे ते चूक ठरलं. खरा क्रम उलटा आहे. आधी रिसेप्टर, मग जंतू. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथे कोवळ्या टी पेशी आपल्याच डीएनएची कापाकापी करतात. रिसेप्टरच्या जनुकांत पर्यायी तुकड्यांचे साठे असतात. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं त्यांतून एकेक तुकडा निवडून जोडतात, आणि सांध्यावर टीडीटी नावाचं एन्झाइम डीएनएची चार-दोन अक्षरं कुठलाही नमुना न पाहता घुसवतं. नेमका हाच सांधा तयार रिसेप्टरच्या टोकाला, जंतूचा तुकडा चाचपण्याच्या जागी येतो. म्हणजे ओळख पटवणारा भागच सर्वांत जास्त योगायोगावर सोडलेला आहे. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. अँटिबॉडीच्या जनुकांत अशी फेरजुळणी होते हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवलं. टी पेशींच्या रिसेप्टरची जनुकं १९८४ मध्ये हाती लागली, तेव्हा तिथेही तोच प्रकार निघाला.

अशा आंधळ्या जोडणीतून निघालेले बरेचसे रिसेप्टर निकामी असतात, काही तर आपल्याच शरीरावर उलटणारे. थायमसमध्ये त्यांची परीक्षा होते आणि बहुसंख्य पेशी तिथेच मरतात. जंतू येतो तेव्हा उरलेल्यांपैकी ज्या मोजक्या पेशींच्या रिसेप्टरशी तो जुळतो, त्या भराभर वाढू लागतात. नव्या संसर्गात टी पेशींची फौज उभी राहायला आठवडाभर लागतो, तो या वाढीसाठी.

‘जंतूला चिकटतो’ हेही बरोबर नाही. आपल्या बहुसंख्य टी पेशी अख्खा विषाणू कधी पाहतच नाहीत. विषाणूच्या प्रथिनाचा काही अमिनो आम्लांचा तुकडा आपल्याच पेशीवरच्या एमएचसी प्रथिनात बसवून बाहेर मांडलेला असतो, आणि रिसेप्टर ती जोडी एकत्र वाचतो. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरात १९७४ साली हे दाखवलं, त्याबद्दल १९९६ चं नोबेल मिळालं.

आता मुख्य मुद्दा, ‘रिसेप्टर नावाचं प्रथिन’. एक प्रथिन नव्हे, आठ साखळ्यांचा संच आहे तो. अल्फा आणि बीटा या दोन साखळ्या बाहेर तुकडा ओळखतात. पण पेशीच्या आत त्यांची शेपटी जेमतेम काही अमिनो आम्लांची आहे, तिच्यातून कोणताच निरोप आत जाऊ शकत नाही. नुसत्या अल्फा-बीटा म्हणजे वायर न जोडलेलं बेलचं बटण. आत निरोप नेण्याचं काम सीडी-३ च्या सहा साखळ्या करतात: डेल्टा-एप्सिलॉन, गॅमा-एप्सिलॉन आणि झीटा-झीटा अशा तीन जोड्या.

या जोड्या एकमेकींना सापडतात त्याची युक्ती पेशीपटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, आत दडलेली आहे. पटलाचा गाभा तेलकट, तिथे विद्युतभार असलेलं अमिनो आम्ल सहसा टिकत नाही. तरीही अल्फा आणि बीटाच्या पटलात बुडलेल्या भागात मिळून तीन धनभारित अमिनो आम्लं आहेत आणि सीडी-३ च्या प्रत्येक जोडीत दोन ऋणभारित. अल्फाचं लायसिन डेल्टा-एप्सिलॉनला धरतं, बीटाचं लायसिन गॅमा-एप्सिलॉनला, आणि अल्फाचं आर्जिनिन झीटा-झीटाला. एका धनभारापाशी दोन ऋणभार, असे तीन सांधे. मॅथ्यू कॉल आणि काई वुखरफेनिग यांनी २००२ साली ही अमिनो आम्लं एकेक करून बदलून पाहिली, तर ती ती जोडी संचात येईना. २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अख्ख्या संचाची रचना दिसली, त्यातही आठच साखळ्या होत्या.

जोडणी अर्धवट राहिली तर पेशी ती खपवून घेत नाही. जोडीदार न मिळालेली अल्फा साखळी पेशीच्या आतच अडवून तोडली जाते. झीटा कमी पडली तर बाकीच्या सहा साखळ्या जुळूनही बहुतांशी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत, जाऊन नष्ट होतात. किती रिसेप्टर पृष्ठभागावर पोचतील हे अशा कडक तपासणीवर ठरतं. पोटात गेलेल्या काढ्याने यातला नेमका कोणता टप्पा दुप्पट होतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगायला हवं होतं.

मग ‘चिकटला की पेटून उठते’. रिसेप्टर आणि तुकडा यांची गाठ बहुधा काही सेकंदच टिकते. तेवढ्या वेळात एलसीके नावाच्या एन्झाइमने सीडी-३ च्या शेपट्यांवर फॉस्फेट बसवायला हवेत. त्यासाठी आयटॅम नावाच्या ठरलेल्या जागा असतात, अख्ख्या संचात दहा, त्यांतल्या सहा एकट्या झीटा-झीटावर. फॉस्फेट बसलेल्या आयटॅमवर झॅप-७० नावाचं दुसरं एन्झाइम येऊन बसतं, ते पुढच्या प्रथिनांना जागं करतं, आणि मग पेशीत कॅल्शियम वाढतं. दरम्यान फॉस्फेट उतरवणारी एन्झाइमंही सतत कामावर असतात. गाठ लवकर सुटली तर झालेलं काम पुसलं जातं. स्वतःच्या शरीरातले तुकडे टी पेशीला दिवसभर भेटत असतात, ते असेच सुटून जातात म्हणून आपण सुखात आहोत. शिवाय आधी कधीच जागी न झालेल्या पेशीला तिच्यावरच्या सीडी-२८ या वेगळ्या प्रथिनामार्फत दुसरा इशाराही लागतो. तो न मिळता नुसता रिसेप्टर चाळवला गेला तर ती पेशी बधिर होऊन बसते.

उरला ‘जास्त तितकं चांगलं’ हा दावा. १९९४ मध्ये झॅप-७० च्या जनुकात दोष असलेल्या मुलांची वर्णनं प्रसिद्ध झाली. टी पेशींचे दोन मुख्य प्रकार, सीडी-८ आणि सीडी-४. या मुलांत सीडी-८ टी पेशी जवळजवळ नसतात, पण सीडी-४ पेशी भरपूर असतात आणि त्यांच्यावर रिसेप्टरही व्यवस्थित असतो. तरीही साध्यासुध्या संसर्गांनी या मुलांच्या जिवावर बेततं, कारण निरोप आत पोचत नाही. संख्या मोजून प्रतिकारशक्ती कळत असती तर यांची निम्मी फौज शाबूत दिसली असती. उलट निरोगी टी पेशीवर साधारण ३० हजार रिसेप्टर असतात आणि ती जोमाने कामाला लागली की त्यांतले बरेच आत ओढून घेते. म्हणजे पेशी खरोखर लढते तेव्हा रिसेप्टर कमी होतात.

आणि टी पेशी सरसकट पेटवल्या तर काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन-१४१२ हे औषध दिलं गेलं. सीडी-२८ ला थेट चेतवून रिसेप्टरच्या इशाऱ्याविनाच टी पेशी जाग्या करणारं ते औषध होतं. काही तासांत सहाही जण अनेक अवयव कोलमडून अतिदक्षता विभागात पोचले. सगळे वाचले, पण मरणाच्या दारातून.

टी पेशीची ताकद खरंच वापरायची तर ती नेम धरून वापरावी लागते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या, बी पेशींच्या कर्करोगांवरच्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशीवर बाहेरून अँटिबॉडीचा तुकडा बसवतात, जो बी पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखतो, आणि आतल्या बाजूला जोडतात ती हीच झीटा साखळीची शेपटी. एवढं नेमकं असूनही उपचारानंतर रुग्णावर डॉक्टरांची बारीक नजर असते, कारण पेशी अति चेतल्याचा धोका तिथेही आहे.

किडनी किंवा यकृत बदललेल्यांच्या घरात हा मेसेज पोचतो, तेव्हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. अशा रुग्णांना दिली जाणारी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं नेमका वरचाच रस्ता अडवतात. कॅल्शियम वाढल्यावर कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होऊन निरोप जनुकांपर्यंत नेतं, ते ही औषधं रोखतात. त्यामुळेच टी पेशी नव्या अवयवावर तुटून पडत नाहीत. टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण अरुंद मर्यादेत ठेवावं लागतं आणि ते वारंवार तपासावं लागतं. ग्रेपफ्रूटच्या रसासारख्या साध्या गोष्टीनेही ते वर जातं, काही वनस्पतींनी खाली येतं. वर गेलं तर किडनीला इजा, खाली आलं तर अवयव नाकारला जाण्याची भीती. घरात असा रुग्ण असेल तर कोणताही काढा, चूर्ण किंवा ‘इम्युनिटी’ची गोळी सुरू करण्याआधी त्या वस्तूचं पाकीट घेऊन प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडे जा. आधीच सुरू केली असेल तर तेही सांगा, म्हणजे टॅक्रोलिमसची पातळी लगेच तपासता येईल.