ईएचसी (टर्बाइनच्या इलेक्ट्रो-हायड्रॉलिक कंट्रोलच्या) फ्लुइडच्या त्या मेसेजबद्दल खुलासा
"टर्बाइन कंट्रोलचं फायर रेझिस्टंट फ्लुइड पेटतच नाही, पाणी शिरलं तर टाकीच्या तळातून ड्रेन करा" असा मेसेज फिरतोय, मीपण न बघता पुढे ढकलला होता, सॉरी. दोन्ही चूक. हे फ्लुइड म्हणजे फॉस्फेट एस्टर, ते पेटतं, फक्त त्याचं ऑटोइग्निशन (ठिणगीशिवाय आपोआप पेटण्याचं तापमान) 500 अंश सेल्सिअसच्या वर असतं म्हणून गरम स्टीम पाइपवर गळलं तरी मिनरल ऑइलसारखा पटकन भडका उडत नाही. आणि ते पाण्यापेक्षा जड! सॅम्पलची बाटली जरा वेळ ठेवून बघा, सुटं पाणी वर येतं, म्हणजे तळातून ड्रेन केलं तर महागडं फ्लुइडच जाणार. विरघळलेलं पाणी तर दिसतही नाही, त्यानेच अ‍ॅसिड वाढतं आणि सर्व्हो व्हॉल्व्हची (फ्लुइडचा प्रवाह कंट्रोल करणाऱ्या नाजूक व्हॉल्व्हची) वाट लागते, ते व्हॅक्यूम डिहायड्रेटर (व्हॅक्यूमने फ्लुइडमधलं पाणी ओढून काढणारं मशीन) लावून काढायचं, अ‍ॅसिड नंबर (फ्लुइडमधल्या आम्लाचं माप, mg KOH/g मध्ये) साधारण 0.2 च्या आत ठेवायचा. तो जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांनाही हे कळवा.