दुसरी बाजू लावावीशी वाटते का?

गेल्या आठवड्यात ग्रामोफोन रेकॉर्डचे कपाट रिकामे करून पुन्हा लावताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती अजून मनातून जात नाही. ज्या तबकड्या मी सर्वांत चोखंदळपणे निवडून घेतल्या, ज्यांच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणाची पद्धत, मायक्रोफोनची नावे आणि तबकडीचे १८० ग्रॅम वजन अभिमानाने छापलेले आहे, त्या जवळजवळ कोऱ्या निघाल्या. ज्यांच्या वेष्टनांच्या कडा झिजल्या आहेत, ज्यांना चिकटपट्टी लावावी लागली आहे, त्यांत ‘ऑडिओफाइल’, म्हणजे खास उत्तम ध्वनीसाठी काढलेली, म्हणावी अशी एखाददुसरीच होती.

याचा अर्थ मला उत्तम ध्वनीचे वेड नाही असा मुळीच नाही. डायरेक्ट-टू-डिस्क पद्धतीची तबकडी मी प्रथम ऐकली तेव्हा ड्रमचा पहिला ठोका पडताच अंगावर काटा आला होता. १९७० च्या दशकात शेफील्ड लॅबसारख्या कंपन्यांनी मधली टेपच काढून टाकली. वादक वाजवत असतानाच लॅकरच्या (मऊ लेप दिलेल्या) मूळ तबकडीवर खाच कोरली जात असे. त्यामुळे टेपची सरसर गेली आणि प्रतीवरून प्रत काढताना आवाजाचे जे तेज उणावते, ते टिकले. मात्र त्याची किंमत वादकांनी मोजली. एक बाजू सलग वाजवायची, दोन रचनांमधली शांतताही सर्वांनी मिळून सांभाळायची, आणि शेवटच्या मिनिटाला कोणी चुकले तर सगळी बाजू पुन्हा पहिल्यापासून. अशा दडपणाखाली काही कलावंत पेटून उठतात हे खरे, पण माझ्याकडच्या बऱ्याचशा तबकड्यांत मला चूक होऊ नये म्हणून जपून केलेले वादनच ऐकू येते. ठोका लख्ख आहे, पण तो तिथे का पडला, याचे उत्तर संगीतात सापडत नाही.

चायकोव्हस्कीच्या ‘१८१२’ या तोफा वाजणाऱ्या वाद्यवृंदरचनेची, टेलार्क कंपनीने १९७९ मध्ये काढलेली तबकडी अनेकांच्या परिचयाची असेल. त्यातल्या तोफांच्या खाचा नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि कित्येक टर्नटेबलांवर तिथे सुई उडते. सुई टिकली याचा आनंद मीही मनापासून घेतला आहे. पण तो आनंद माझ्या यंत्राविषयीचा होता, आणि एकदा टिकलेली सुई दुसऱ्यांदाही टिकते यात ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.

एलपीमध्ये, म्हणजे दोन बाजूंच्या या लाँग-प्ले तबकडीत, एक प्रामाणिक कसोटी अंगचीच आहे. साधारण वीस मिनिटांनी संगीत थांबते, आणि पुढे ऐकायचे असेल तर उठून बाजू उलटावी लागते. आपण उठतो की नाही, हे त्या तबकडीविषयीचे माझे खरे मत, मग चर्चेत मी काहीही म्हणत असो.

मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या फिरणाऱ्या नव्या आवृत्त्यांविषयी माझे मन द्विधा आहे. त्यांच्यामागचे कारण पक्के आहे: मिनिटाला ३३⅓ फेऱ्या फिरणाऱ्या बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि आतल्या टोकाशी तोच वेग २० च्या आसपास येतो. म्हणजे सिंफनीचा कळस बहुधा शेवटी येतो आणि नेमका तिथेच ध्वनीला जागा अपुरी पडते. पंचेचाळीसच्या वेगाने ही अडचण बरीच हलकी होते. शेवटचे तुतारीचे स्वर फाटत नाहीत, तंतुवाद्यांचा पोत सुटा ऐकू येतो. पण एका तबकडीच्या दोन होतात, दर दहा-बारा मिनिटांनी उठावे लागते, आणि रचनाकाराने पाऊण तास बांधत नेलेला ताण तीन ठिकाणी तुटतो. ध्वनी सुधारला आणि संगीत विस्कटले, असे मला इथे अनेकदा वाटले आहे. छोट्या रचनांना ही पद्धत शोभते. लांब रचनांसाठी मी जुनी एकच तबकडी काढतो.

उत्तम ध्वनी आणि टिकाऊ समाधान यांचे वैर आहे, असे मात्र कोणी समजू नये. संचालक फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रा यांनी १९५५ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी मुद्रित केलेला, संगीतकार बार्टोकचा ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ आजही ध्वनीसाठी वाखाणला जातो. मुद्रण स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन स्वतंत्र ध्वनींत झाले, पण त्या वेळी स्टिरिओ एलपी बाजारात आलेलीही नव्हती. ती १९५८ मध्ये आली. त्या तबकडीतला विस्तार मला कधी प्रदर्शन वाटत नाही, कारण तो वादकांच्या एकमेकांकडे असलेल्या लक्षातून उभा राहतो आणि तंत्रज्ञाने तो फक्त सांडू दिलेला नाही.

आणि जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’? १९५९ च्या त्या तबकडीची पहिली बाजू मुद्रणयंत्राच्या वेगातील दोषामुळे किंचित चढ्या स्वरात वाजते, आणि ही चूक १९९० च्या दशकात दुरुस्त होईपर्यंत तशीच राहिली. तीन दशके लोकांनी ती चुकीच्या स्वरात ऐकली, तिच्यावर जीव टाकला, तिच्यावरून वाजवायला शिकले. स्वराची अचूकता मला प्रिय आहे, तरीही या उदाहरणापुढे माझा यंत्राविषयीचा बराचसा आग्रह गळून पडतो.

माझ्या कपाटातली सर्वांत झिजलेली तबकडी चेलोवादक पाब्लो कासाल्स यांची आहे: बाखच्या चेलो सुइट्स (नृत्यांवर बेतलेल्या छोट्या रचनांच्या मालिका), १९३६ ते १९३९ या काळात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी मुद्रित झालेल्या. खरखर आहे, वरचे स्वर अरुंद आहेत, खोलीचा अंदाज येत नाही. पण पाचव्या सुइटमधल्या साराबांद या संथ नृत्यात, जिथे दोन तारांवर एकत्र वाजणारा एकही जोडस्वर नाही आणि एकच उघडी ओळ पुढे सरकते, तिथे पुढचा स्वर कुठे ठेवला जाणार हे इतक्या वर्षांनंतरही मला आधी ओळखता येत नाही.

कोऱ्या राहिलेल्या तबकड्या मी खालच्या कप्प्यातून डोळ्यांसमोरच्या कप्प्यात आणून ठेवल्या आहेत. ध्वनीकडे लक्ष न देता प्रत्येक एकदा पुन्हा ऐकणार आहे, कदाचित दोष माझ्या ऐकण्याचाही असेल. तुमच्याकडची एखादी ऑडिओफाइल तबकडी तुम्ही वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी ऐकत आला असाल, तर तिचे नाव जरूर कळवा. मला ती ऐकायची आहे.