सहा बेचाळीस, सहा चव्वेचाळीस

आमचा जुना मिक्सर वसुबारसेच्या आदल्या दिवशी पिठीसाखर करता करता गेला. आवाज काही केला नाही, नुसता वास सोडला. करंज्यांचं सारण अर्धं झालं होतं. उरलेली साखर खलबत्त्यात कुटू या, असं सासूबाई म्हणाल्या. कुटू या म्हणजे मी कुटायची, हे आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. मी पर्स उचलली आणि फडके रोड गाठला.

दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीच्या फडके रोडवर आपण चालत नसतो, आपल्याला चालवलं जातं. गर्दीने मला ज्या दुकानाच्या पायरीवर आणून सोडलं, तिथेच मिक्सर घेतला. ७५० वॅट, तीन भांडी, ४,६४० रुपये.

पैसे द्यायला कार्ड काढलं. काउंटरवरच्या पोऱ्याने ते मशीनला टेकवलं. मशीन विचारात पडलं. "रेंज नाय," म्हणून तो मशीन घेऊन पायरीवर गेला आणि दोन्ही हातांनी उंच धरून डावीकडून उजवीकडे ओवाळायला लागला. शेजारी कोणी घंटा वाजवली असती तर मी टाळ्या धरल्या असत्या. दोन मिनिटं झाली तरी कागद काही बाहेर येईना.

"परत करतो, ताई."

केलं. पाच हजारांच्या आतली रक्कम असेल तर नुसतं टेकवून भागतं, पिन लागत नाही. जानेवारी २०२१ पर्यंत ही मर्यादा दोन हजार होती. ती वाढली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पिन मागितला असता तर दुसऱ्यांदा बोटं तरी अडखळली असती. या वेळी मात्र मशीनने चर्र करून स्लिप काढली, मागचा माणूस माझ्या खांद्यावरून पंखा मागत होता, आणि मी मिक्सर कडेवर घेऊन बाहेर पडले.

फोन पिशवीत मेथीच्या जुडीखाली होता. घरी येऊन बघितला तर दोन मेसेज. सहा बेचाळीसला ४,६४० वजा. सहा चव्वेचाळीसला ४,६४० वजा.

"मेसेज दोनदा आला असेल," मी म्हणाले.

"बॅलन्स बघ," नवरा म्हणाला.

पैसेच दोनदा गेले होते.

अकराव्या मिनिटाला मी बँकेला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, मी तीन दाबलं, पलीकडून हिंदी आलं. मुलगी अतिशय गोड होती. सगळं ऐकून घेतलं, "आपली अडचण मी समजू शकते" या अर्थाचं काहीतरी तीनदा म्हणाली आणि मग विचारलं, या दोनपैकी चुकीचा व्यवहार कोणता?

मी गप्प. दोन्हीत दुकान तेच, रक्कम तीच, कार्ड तेच. जुळ्यातला कोणता नको, असं विचारल्यासारखं झालं. "कोणताही एक परत करा," मी उदारपणे म्हणाले. तसं चालत नाही, एक निवडावा लागतो. मग तिनेच समजावलं की ज्याची स्लिप निघाली तो खरा. स्लिपवर बारा आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक असतो, तो बघून सांगा.

स्लिप! मी पर्स उघडली. बिल होतं, गॅरंटी कार्ड होतं, मेथीचं एक पान होतं. स्लिप नव्हती.

इथे माझ्या नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस निर्व्यसनी आहे. पण गेल्या वर्षी त्याने ऑनलाइन सेलमध्ये लॅमिनेटर घेतला आणि तेव्हापासून आमच्या घरात एकही कागद उघड्या अंगाने फिरत नाही. आधार कार्डं झाली, मुलीच्या मार्कशीट झाल्या, लसीकरणाचे दाखले झाले. गॅस सिलिंडरची पावती झाली. सासूबाईंच्या हातची अनारशाच्या प्रमाणाची चिठ्ठीही झाली; आता तिच्यात दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे अनारसे जन्मभर असेच होणार. मी फोनवर "स्लिप, स्लिप" म्हणतेय हे आतल्या खोलीत त्याला ऐकू गेलं होतं. कागद महत्त्वाचा आहे एवढं त्याला कळलं, आणि महत्त्वाच्या कागदाचं काय करायचं हे त्याला ठाऊकच होतं.

मी पोचले तेव्हा स्लिप निम्मी आत गेली होती.

या स्लिपा शाईने छापतच नाहीत. कागदावरच एक लेप असतो. मशीनमधला तापलेला भाग जिथे टेकतो तिथे तो काळा पडतो, आणि त्या काळ्या ठिपक्यांचे आकडे होतात. म्हणजे उष्णता हीच शाई. ही माहिती आम्हा दोघांना त्याच क्षणी, प्रात्यक्षिकासह मिळाली. पलीकडच्या फटीतून आधी दुकानाचं नाव बाहेर आलं, ते करड्या धुक्यात असल्यासारखं. मग तारखेची ओळ तपकिरी होत बुडाली. मग आकडे. ते क्षणभर दिसले, निदान मला तसं वाटलं, पाण्याखालच्या चिल्लरीसारखे, आणि गेले. मशीनने शेवटचा कोपरा सोडला तेव्हा नवऱ्याच्या हातात बोटभर रुंदीची, गुळगुळीत, चकचकीत काळी पट्टी होती.

त्याने ती उजेडात धरून बघितली. "आता फाटणार तरी नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, वसुबारसेला, ती पट्टी घेऊन बँकेत गेले. टोकन चौऱ्याऐंशी, बोर्डावर सदतीस. काउंटरवरचा साहेब तरुण होता, सभ्य होता. मी वादग्रस्त व्यवहाराचा फॉर्म भरला, खाली सही केली. "सोबत स्लिप जोडा," तो म्हणाला. मी पट्टी पुढे केली. त्याने ती उलटी केली. पुन्हा सुलटी केली. वाचायला दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं.

"हे काय आहे, मॅडम?"

"स्लिप."

नियम असा की मूळ प्रत ग्राहकाला परत द्यायची आणि झेरॉक्स फाइलला लावायची. त्याने पट्टी झेरॉक्स मशीनवर ठेवली. मशीनने बराच वेळ घेतला आणि एक अख्खा ए-फोर कागद बाहेर दिला, मध्ये काळा चौकोन. त्यावर त्याने शिक्का मारला: मूळ प्रतीशी पडताळणी केली. शिक्का जांभळ्या शाईचा होता, त्यामुळे तो कडेच्या पांढऱ्या जागेत मारावा लागला. तेवढं झाल्यावर दुकानातून दुसरी प्रत आणा म्हणाला.

धनत्रयोदशीला दुकानात. शेठ गल्ल्यावर झेंडू वाहत होते. "आमच्याकडे एकच एन्ट्री आहे, ताई. दुसरा पैसा आमच्याकडे आलाच नाही. मध्ये अडकलाय."

"मध्ये म्हणजे कुठे?"

शेठनी वर बोट दाखवलं. वर पंखा होता, त्याच्यावर पहिला मजला, आणि त्याच्यावर जे काही असेल ते. "आणि आज धनत्रयोदशी," ते हळूच म्हणाले, "आज परत द्यायची गोष्ट दुकानात नका काढू." स्लिपची प्रत मात्र पोऱ्याने लगेच काढून दिली. मी ती दोन बोटांत, अंगापासून लांब धरून घरी आणली आणि नवऱ्याला कळू न देता गव्हाच्या डब्यात ठेवली.

मग दिवाळी झाली. करंज्या विकतच्या आणल्या.

भाऊबीज उरकून पुन्हा बँकेत. साहेबाने स्लिप घेतली, वाचली आणि चेहरा उजळला. "मिळाला की, मॅडम! हाच डुप्लिकेट व्यवहार!"

"नाही हो. हा खरा."

"पण इथे लिहिलंय." त्याने बोट ठेवलं. खरंच लिहिलं होतं. मशीनमधून स्लिप दुसऱ्यांदा छापली की माथ्यावर मोठ्या अक्षरांत 'डुप्लिकेट कॉपी' असं येतं.

"अहो, ही प्रत डुप्लिकेट आहे. व्यवहार खरा आहे. खोटा तो, ज्याची प्रतच नाही."

"म्हणजे ज्याचा पुरावा नाही तो डुप्लिकेट, आणि ज्याच्यावर डुप्लिकेट लिहिलंय तो ओरिजिनल?"

"हो."

त्याने पेन खाली ठेवलं. मला त्याची दया आली. शेवटी आम्ही दोघांनी मिळून आरआरएनचे बारा आकडे त्याच्या स्क्रीनवरच्या नोंदीशी ताडून पाहिले, तो आकडे म्हणायचा आणि मी "बरोबर" म्हणायचे, पाढ्यांसारखं. सहा चव्वेचाळीस खरा निघाला. सहा बेचाळीस पोरका.

एवढ्यात घरी वेगळंच प्रकरण सुरू झालं होतं. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे, ते नवऱ्याने शोधून काढलं (लॅमिनेटरचं पाप फेडायला). खात्यातून पैसे गेले पण दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते आपणहून परत करायचे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता. आणि दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. आमचा पाचवा दिवस लक्ष्मीपूजनाचा होता.

हे सासूबाईंनी ऐकलं. सात टक्क्यांसाठी वर्षभर एफडीवर हात ठेवून बसणारी बाई ती. साडेचार हजारांवर दिवसाला शंभर म्हणजे किती, याचा हिशेब त्यांनी पाडव्याच्या ओवाळणीच्या तबकाशेजारी बसून केला आणि त्यांचा सूर पालटला. रोज सकाळी विचारायच्या, "आले नाहीत ना गं?"

"नाही, आई."

"बरं झालं."

मी बँकेत निघाले की त्या म्हणायच्या, "एवढी काय घाई आहे? त्यांनाही सणवार असतो." तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, हे कळल्यावर त्यांनी बोटांवर तीसपर्यंत मोजलं आणि डोळे मिटून घेतले.

अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. खात्यात ४,६४० जमा. मी सुस्कारा सोडतेय तोवर पुन्हा वाजला. खात्यात ४,६४० जमा.

मी फोन पालथा ठेवला. चहा ठेवला. गेले तेव्हा अकरा मिनिटांत फोन केला होता, आता मात्र मला कसलीच घाई वाटेना. काम करणारी माणसंच आहेत, चुका व्हायच्याच. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "देवाने दिलंय, तू मध्ये बोलू नकोस." नवऱ्याला फक्त एवढंच म्हटलं की दूध आणायला चाललाच आहेस, तर एटीएममधून मिनी स्टेटमेंट काढून आण.

त्याने आणलं. ४,६४० एकदाच जमा होते.

मेसेज दोनदा आला होता.

"आणि माझे सहाशे?" सासूबाईंनी विचारलं. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. सहाशे नव्हते. त्यांनी पदर खोचला, चष्मा शोधला. "आता मीच जाते बँकेत. तो कागद दे इकडे, पुरावा लागेल."

कागद टेबलावर नव्हता. नवराही खुर्चीत नव्हता. आतल्या खोलीत लॅमिनेटर तापल्याचा हिरवा दिवा लागला होता, आणि मी धावले.